विल्सन (स्कॉटिश आडनाव)

स्कॉटलंडमधील एक अतिशय प्रचलित आडनाव. स्मिथ व ब्राउन या आडनावांबरोबर ते त्या देशातील सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांत मोडते. धर्म, विधी, अर्थकारण, पक्षिविज्ञान, ज्योतिषशास्त्र, पुरातत्त्वविद्या, भौतिकी व शिक्षण अशा विविध क्षेत्रांत या आडनावाच्या स्कॉटिश व्यक्तींनी नाव मिळविले. त्यांपैकी दोघांचा भारताच्या आधुनिक इतिहासाशी निकटचा संबंध आहे. त्यांतील एकाच्या नावे मुंबईतील विल्सन महाविद्यालय ओळखले जाते, तर दुसऱ्याने भारतात प्राप्तिकर आणला. मात्र नाव एक असले, तरी या व्यक्ती एका कुळातील नव्हेत. एकच नाव व आडनाव असलेल्या, कधीकधी एकाच शतकात वावरलेल्या व्यक्तींची माहिती एकमेकींत मिसळण्याचा संभव असल्यामुळे त्यांचा एकत्र परिचय उपयुक्त ठरतो.

उत्पत्ती व प्रसार : ‘विल्सन’ म्हणजे ‘विलचा मुलगा’. ‘विल’ हे विल्यम या नावाचे घरगुती, संक्षिप्त रूप होय. जर्मानिक मूळ असलेले विल्यम हे नाव १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्लंडमध्ये व पुढे स्कॉटलंडमध्ये लोकप्रिय झाले. स्कॉटलंडचा राजा पहिला विल्यम (कार. ११६५–१२१४) याच्यामुळेही त्यास प्रतिष्ठा लाभली. पित्याच्या नावावरून मुलाची ओळख सांगण्याची पद्धत प्रथम पिढीगणिक बदलत असे. जॉनचा मुलगा विल्यम हा ‘जॉन्सन’, तर विल्यमचा मुलगा ‘विल्सन’ होई. पुढे जमिनीचे दस्तऐवज, करवसुली व चर्चच्या नोंदी यांच्या गरजेतून हे पितृनाम स्थिर झाले आणि नातवंडा-पतवंडांकडेही तेच चालू राहिले. स्कॉटलंडच्या सखल प्रदेशात हे स्थित्यंतर लवकर झाले. शेटलंड बेटांत मात्र पिढीगणिक बदलणारी पितृनामे एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकून होती. आइसलँडमध्ये ही पद्धत आजही चालू आहे.

डोंगराळ प्रदेशातील गेलिक भाषेत याच अर्थाचे ‘मॅकविल्यम’ हे आडनाव रूढ होते. उत्तरेकडील केथनेस भागातील काही विल्सन घराणी परंपरेने गन या कुळाची शाखा मानली जातात. परंतु सर्व विल्सनांचे मूळ गन कुळात शोधणे सयुक्तिक नाही. ज्या ज्या गावी विल्यम नावाचा गृहस्थ होता, त्या त्या गावी हे आडनाव स्वतंत्रपणे उद्‌भवणे शक्य होते व तसे ते उद्‌भवले. ब्रिटनमधील आडनावांच्या आनुवंशिक अभ्यासांतही स्मिथसारख्या अतिप्रचलित आडनावाच्या पुरुषांत समान पितृवंश क्वचितच आढळतो. दुर्मिळ आडनावांच्या बाबतीत तो पुष्कळ अधिक प्रमाणात आढळतो. महाराष्ट्रातील कुलकर्णी किंवा पाटील या आडनावांवरून हे सहज लक्षात येईल. गावोगावच्या वतनांवरून ती पडली असल्याने सर्व कुलकर्णी एकमेकांचे भाऊबंद ठरत नाहीत. विल्सनांच्या बाबतीत वतनाऐवजी पित्याचे नाव आहे, एवढाच फरक.

सामाजिक पार्श्वभूमी : प्रस्तुत नोंदीतील बहुतेक व्यक्ती सखल प्रदेशातील विणकर, लोकरीचे उत्पादक, शेतकरी, व्यापारी अशा सामान्य वा मध्यम स्थितीतील घरांतून आल्या. १६९६ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशमध्ये शाळा व शिक्षक असणे आवश्यक ठरविण्यात आले होते. सेंट अँड्रूझ (१४१३), ग्लासगो (१४५१), ॲबर्डीन व एडिंबरो (१५८३) येथील विद्यापीठांचे शिक्षण इंग्लंडच्या मानाने कमी खर्चाचे होते. इंग्लंडशी १७०७ मध्ये झालेल्या एकीकरणानंतर साम्राज्यातील व्यापार, नोकऱ्या व वसाहती स्कॉटिश तरुणांना खुल्या झाल्या. शिक्षण आहे, परंतु मायदेशी वाव अपुरा, अशा स्थितीतील अनेकांनी अमेरिका, कॅनडा व भारत यांची वाट धरली. या आडनावाच्या कर्तबगार व्यक्ती परस्परांशी जोडल्या जातात, त्या रक्तसंबंधाने नव्हे, तर या समान परिस्थितीने.

मार्गारेट विल्सन : (सु. १६६७–११ मे १६८५). विग्टन येथील धर्महुतात्मा. चर्चवरील राजाचे वर्चस्व नाकारणाऱ्या प्रेसबिटेरियन पंथीयांना ‘कव्हेनंटर’ म्हणत. या पंथीयांचा छळ चालू असताना राजनिष्ठेची विहित शपथ घेण्यास मार्गारेटने नकार दिला. तिला व मार्गारेट मॅकलॉक्लन या वृद्ध स्त्रीला सॉल्वेच्या खाडीतील खांबांना बांधून भरतीच्या पाण्यात बुडविण्यात आले, असे परंपरागत वृत्तान्त सांगतो. त्या वेळी तिचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. पुढील काळात या घटनेच्या सत्यतेविषयी वादही झाले. परंतु स्कॉटिश लोकमानसात ती सदसद्‌विवेकाच्या स्वातंत्र्याचे प्रतीक ठरली. चित्रकार जॉन एव्हरेट मिले यांनी १८७१ मध्ये या विषयावर चित्र रंगविले.

दोन अलेक्झांडर विल्सन : या नावाच्या दोन व्यक्ती अठराव्या शतकात होऊन गेल्या. पहिले अलेक्झांडर विल्सन (१७१४–१६ ऑक्टोबर १७८६) हे ज्योतिर्विद व मुद्राक्षरांचे ओतकाम करणारे कारागीर होते. त्यांचा जन्म सेंट अँड्रूझ येथे झाला. जॉन बेन यांच्या भागीदारीत १७४२ मध्ये त्यांनी मुद्रणाचे खिळे तयार करण्याची ओतशाळा काढली व लवकरच ती ग्लासगोजवळ हलविली. रॉबर्ट व अँड्रू फौलिस या बंधूंनी ग्लासगो येथे छापलेले सुबक ग्रीक ग्रंथ त्यांच्याच खिळ्यांचे होत. होमरच्या महाकाव्यांची १७५६–५८ मधील आवृत्ती विशेष नावाजली गेली. १७४९ मध्ये टॉमस मेलव्हिल यांच्यासह त्यांनी पतंगांना तापमापक बांधून उंचावरील हवेचे तापमान मोजण्याचा प्रयोग केला. १७६० मध्ये ग्लासगो विद्यापीठात प्रायोगिक ज्योतिषशास्त्राच्या अध्यासनावर त्यांची पहिले प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली.

१७६९ मध्ये एका मोठ्या सौर डागाचे वेध घेताना त्यांना असे दिसले की, डाग सूर्यबिंबाच्या कडेकडे सरकू लागला म्हणजे त्याच्या गडद भागाभोवतीची उपच्छाया बिंबाच्या मध्याकडील बाजूस प्रथम अरुंद होते व अखेर दिसेनाशी होते. खोलगट बशी तिरपी धरली असता तिची जवळची उतरती बाजू जशी दृष्टीआड होते, तसाच हा प्रकार होय. त्यावरून सौर डाग हे पृष्ठभागावरील खोलगट भाग असावेत, असे अनुमान त्यांनी १७७४ मध्ये प्रसिद्ध केले. या आविष्काराला ‘विल्सन परिणाम’ असे नाव मिळाले. डागातील वायू भोवतालच्या वायूपेक्षा थंड व अधिक पारदर्शक असतो, त्यामुळे तेथे अधिक खोलीवरील थर दिसतात, असे त्याचे आधुनिक स्पष्टीकरण आहे. त्यांच्यानंतर त्यांचे पुत्र पॅट्रिक (१७४३–१८११) त्याच अध्यासनावर आले.

दुसरे अलेक्झांडर विल्सन (६ जुलै १७६६–२३ ऑगस्ट १८१३) हे अमेरिकन पक्षिविज्ञानाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होत. पेझ्ली या विणकरांच्या गावी त्यांचा जन्म झाला. वयाच्या तेराव्या वर्षी ते मागावर उमेदवारी करू लागले. पुढे कापडाचे गाठोडे घेऊन फेरीचा धंदा करीत त्यांनी स्कॉट बोलीत काव्यरचना केली. गिरणीमालक विणकरांना मापात फसवितात, अशा आशयाची उपरोधिक कविता लिहिल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला. ती कविता स्वतःच्या हाताने भर चौकात जाळण्याची शिक्षा त्यांना झाली व तुरुंगवासही भोगावा लागला. १७९४ मध्ये ते अमेरिकेस गेले. फिलाडेल्फियाजवळ शाळामास्तर असताना निसर्गवैज्ञानिक विल्यम बार्ट्रम यांच्या सहवासात त्यांना पक्ष्यांचा छंद लागला. ना संपत्ती, ना शास्त्रीय शिक्षण, ना चित्रकलेचे पाठ, अशा स्थितीत त्यांनी अमेरिकन ऑर्निथॉलॉजी या नऊ खंडांच्या (१८०८–१४) सचित्र ग्रंथाचा संकल्प केला. पक्षी पाहण्यासाठी व वर्गणीदार मिळविण्यासाठी ते पायी, घोड्यावरून व होडीतून हिंडले. राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफर्सन हे त्यांच्या वर्गणीदारांपैकी एक होते. अखेरचे खंड त्यांच्या मृत्यूनंतर जॉर्ज ऑर्ड यांनी पूर्ण केले. ग्रंथात २६८ जातींच्या पक्ष्यांची चित्रे असून त्यांपैकी २६ जाती पूर्वी वर्णिल्या गेल्या नव्हत्या.

त्यांच्या स्मरणार्थ अनेक पक्ष्यांना विल्सन हे नाव देण्यात आले. त्यांपैकी ‘विल्सन्स स्टॉर्म पेट्रल’ हा लहानसा काळसर समुद्रपक्षी अंटार्क्टिक प्रदेशात वीण करून उत्तरेकडे स्थलांतर करतो व त्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या अरबी समुद्रातही आढळतो. व्यक्तींवरून पडलेली पक्ष्यांची इंग्रजी नावे बदलण्याचा निर्णय अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीने २०२३ मध्ये जाहीर केल्याने अशा नावांविषयी नवी चर्चा सुरू झाली.

दोन जेम्स विल्सन : पहिले जेम्स विल्सन (१४ सप्टेंबर १७४२–२१ ऑगस्ट १७९८) हे अमेरिकन विधिज्ञ व राज्यघटनेचे एक शिल्पकार होत. फाइफ परगण्यात शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. सेंट अँड्रूझ विद्यापीठात शिकून १७६५ मध्ये ते अमेरिकेत गेले व तेथे जॉन डिकिन्सन यांच्या हाताखाली त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. वसाहतींवर ब्रिटिश संसदेला कायदे लादण्याचा अधिकार नाही, असे प्रतिपादन त्यांनी १७७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत केले. स्वातंत्र्याचा जाहीरनामा (१७७६) व राज्यघटना (१७८७) या दोहोंवर सह्या करणाऱ्या सहा व्यक्तींपैकी ते एक होत. सर्व सत्तेचे मूळ जनतेत आहे, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होते. राष्ट्राध्यक्षाची निवड थेट जनतेने करावी, असेही त्यांनी सुचविले; परंतु ते मान्य झाले नाही. त्याच विल्सनांनी प्रतिनिधित्वासाठी गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरण्याची तडजोड घटनापरिषदेत मांडली. दक्षिणेकडील राज्यांना संघराज्यात राखण्यासाठी केलेल्या या तडजोडीने गुलामांच्या मालकांचे राजकीय बळ वाढविले. सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या न्यायाधीशांत त्यांची नियुक्ती झाली (१७८९). जमिनींच्या सट्टेबाजीत ते कर्जबाजारी झाले आणि न्यायाधीशपदावर असतानाच कर्जापायी त्यांना तुरुंगात जावे लागले. उत्तर कॅरोलायनातील ईडन्टन येथे विपन्नावस्थेत त्यांचे निधन झाले.

दुसरे जेम्स विल्सन (३ जून १८०५–११ ऑगस्ट १८६०) हे अर्थतज्ञ, पत्रकार व भारताच्या गव्हर्नर जनरलच्या मंडळातील अर्थसदस्य. जन्म हॉइक येथील लोकर-उत्पादक क्वेकर कुटुंबात. टोप्यांच्या धंद्यात त्यांनी प्रथम पैसा मिळविला व निळीच्या सट्ट्यात तो बव्हंशी गमावला. परदेशी धान्यावर जबर जकात बसविणाऱ्या धान्य-कायद्यांविरुद्ध व खुल्या व्यापाराच्या बाजूने त्यांनी लेखन केले आणि त्याच हेतूने सप्टेंबर १८४३ मध्ये द इकॉनॉमिस्ट हे साप्ताहिक काढले. ते १८४७ मध्ये संसदेवर निवडून आले व पुढे कोषागाराचे अर्थसचिव झाले. १८५३ मध्ये स्थापन झालेल्या चार्टर्ड बँक ऑफ इंडिया, ऑस्ट्रेलिया अँड चायना या बँकेचेही ते संस्थापक होते. प्रसिद्ध लेखक वॉल्टर बॅजट हे त्यांचे जावई.

१८५७ च्या उठावानंतर लष्करी खर्चामुळे भारत सरकारवरील कर्ज फार वाढले होते. ही घडी बसविण्यासाठी १८५९ च्या अखेरीस विल्सन कलकत्त्यास आले. १८६० मध्ये त्यांनी विधिपरिषदेपुढे आय-व्ययाचे विवरण मांडले. भारतातील आधुनिक अर्थसंकल्पाची परंपरा यापासून धरली जाते. प्राप्तिकर, कागदी चलन व हिशेबाची सुधारित पद्धती या त्यांच्या प्रमुख योजना होत. प्राप्तिकर हा या देशाला अपरिचित नाही, हे दाखविण्यासाठी त्यांनी मनुस्मृतीचाही आधार घेतला. १८६० च्या कायद्यान्वये वार्षिक २०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्नास सूट होती. २०० ते ५०० रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर शेकडा २ व त्यावरील उत्पन्नावर शेकडा ४ असा दर होता. मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांनी नव्या करांना उघड विरोध केला व आपले मत वृत्तपत्रांत प्रसिद्ध केले. त्यामुळे त्यांना परत बोलाविण्यात आले. खर्चात काटकसर न करता लोकांवर नवा कर लादणे घातक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. राज्यकारभारात ज्यांना मत नाही, त्यांच्याकडून असा कर घ्यावा काय, हा प्रश्न त्या वादाच्या मुळाशी होता. कायदा अमलात येतो न येतो तोच, भारतात आल्यापासून नऊ महिन्यांच्या आत, आमांशाने विल्सन कलकत्त्यात मरण पावले. कागदी चलनाचा कायदा त्यांच्या पश्चात १८६१ मध्ये संमत झाला. पुढे अर्थसदस्य म्हणून भारतात परतलेल्या ट्रेव्हेल्यन यांच्याच कारकीर्दीत, १८६५ मध्ये, हा प्राप्तिकर बंद झाला. तथापि १८८६ च्या कायद्याने तो कायमचा रूढ झाला.

दोन जॉन विल्सन : पेझ्ली येथे जन्मलेले जॉन विल्सन (१८ मे १७८५–३ एप्रिल १८५४) हे साहित्यिक व समीक्षक ‘क्रिस्टोफर नॉर्थ’ या टोपणनावाने प्रसिद्ध आहेत. ब्लॅकवुड्स मॅगझीन या मासिकाचे ते एक प्रमुख लेखक होते. त्यातील खुमासदार संवादमालेने त्यांना कीर्ती दिली. १८२० मध्ये राजकीय पाठिंब्याच्या बळावर, तत्त्वज्ञ सर विल्यम हॅमिल्टन यांना मागे टाकून, त्यांनी एडिंबरो विद्यापीठातील नीतिशास्त्राचे प्राध्यापकपद मिळविले.

महाराष्ट्राला परिचित असलेले रेव्हरंड डॉ. जॉन विल्सन (११ डिसेंबर १८०४–१ डिसेंबर १८७५) यांचा जन्म लॉडर येथे झाला. एडिंबरो येथे शिक्षण घेतल्यावर स्कॉटिश मिशनरी सोसायटीतर्फे ते पत्नीसह फेब्रुवारी १८२९ मध्ये मुंबईस आले. कोकणातील बाणकोट-हर्णै भागात राहून त्यांनी मराठीचा अभ्यास केला. त्यांच्या पत्नी मार्गारेट (१७९५–१८३५) यांनीही मराठी आत्मसात करून मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. मुंबई इलाख्यातील स्त्रीशिक्षणाच्या आरंभीच्या प्रयत्नांत त्या शाळांची गणना होते. १८३२ मध्ये डॉ. विल्सन यांनी काढलेल्या इंग्रजी शाळेतून पुढे विल्सन महाविद्यालय विकसित झाले. त्याची गिरगाव चौपाटीसमोरील इमारत त्यांच्या निधनानंतर, १८८९ मध्ये, पूर्ण झाली.

विल्सन यांच्या कार्याचा मूळ हेतू धर्मप्रसाराचा होता व तो त्यांनी लपविला नाही. हिंदू शास्त्र्यांशी त्यांचे जाहीर वादविवाद झाले. मोरभट दांडेकर यांनी हिंदुधर्माच्या समर्थनार्थ लिहिलेल्या पुस्तकाला त्यांनी १८३२ मध्ये उत्तर दिले. धर्मविषयक प्रश्नांची छापील ग्रंथांच्या द्वारे सर्वांसमक्ष चर्चा करण्याची रीत पश्चिम भारतात रुजविण्यात या वादाचा वाटा मोठा आहे. १८३९ मध्ये त्यांच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा पारशी समाजात मोठा क्षोभ झाला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. शाळेतील पारशी विद्यार्थी पालकांनी काढून घेतले. आधुनिक शिक्षण हवे, परंतु ते धर्मांतराच्या भीतीपासून मुक्त असावे, ही जाणीव अशा घटनांतून दृढ झाली व स्वतःच्या शाळा काढण्याची निकड एतद्देशीय पुढाऱ्यांना भासू लागली.

विल्सन यांचा प्राच्यविद्येचा व्यासंगही मोठा होता. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे ते अध्यक्ष होते. गिरनार येथील अशोकाच्या शिलालेखाची त्यांच्यासाठी घेतलेली नक्कल जेम्स प्रिन्सेप यांना ब्राह्मी लिपीच्या वाचनात उपयोगी पडली. पारशी धर्मावरील ग्रंथ (१८४३), पश्चिम भारतातील लेण्यांविषयीचा वृत्तान्त (१८५०) व जातिसंस्थेवरील मरणोत्तर प्रसिद्ध झालेला ग्रंथ (१८७७) हे त्यांचे उल्लेखनीय लेखन होय. समाजसुधारक करसनदास मुळजी यांच्यावरील महाराज बदनामी खटल्यात (१८६२) त्यांनी साक्ष दिली. १८६८ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्या समाजाच्या धर्मश्रद्धांवर त्यांनी टीका केली, त्याच समाजातील अनेक विद्वानांचा आदरही त्यांनी मिळविला. त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना या दोन्ही बाजू ध्यानात घ्याव्या लागतात.

डॅनिएल व जॉर्ज विल्सन : प्रस्तुत नोंदीतील सख्ख्या भावांची ही एकमेव जोडी. दोघांचाही जन्म एडिंबरो येथे झाला. सर डॅनिएल विल्सन (५ जानेवारी १८१६–६ ऑगस्ट १८९२) यांनी स्कॉटलंडच्या पुरातत्त्वावरील आपल्या १८५१ च्या ग्रंथाद्वारे ‘प्रागैतिहासिक’ या अर्थाचा शब्द इंग्रजीत रूढ केला. लेखी साधनांपूर्वीच्या काळाचा अभ्यास अवशेषांच्या आधारे शास्त्रशुद्ध रीतीने करता येतो, हे त्यामागील सूत्र होते. १८५३ मध्ये ते टोराँटो येथे इतिहास व इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक म्हणून गेले व पुढे तेथील विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. जॉर्ज विल्सन (१८१८–५९) हे रसायनशास्त्रज्ञ. स्कॉटलंडच्या औद्योगिक संग्रहालयाचे ते पहिले संचालक होते (१८५५). रंगांधत्वाचा त्यांनी अभ्यास केला आणि रेल्वे व जहाजांवरील रंगीत संकेत ओळखण्यात त्यामुळे उद्‌भवणाऱ्या धोक्याकडे लक्ष वेधले.

चार्ल्स टॉमसन रीस विल्सन : (१४ फेब्रुवारी १८६९–१५ नोव्हेंबर १९५९). भौतिकीविज्ञ. एडिंबरोजवळील ग्लेनकोर्स येथे मेंढपाळीचा व्यवसाय करणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. चार वर्षांचे असताना पितृछत्र हरपले. सप्टेंबर १८९४ मध्ये ब्रिटनमधील सर्वोच्च पर्वत बेन नेव्हिस यावरील वेधशाळेत काही आठवडे काम करताना ढगांवर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचे रंगीत आविष्कार त्यांनी पाहिले व ते प्रयोगशाळेत निर्माण करण्याचे ठरविले. दमट हवा एकाएकी प्रसरण पावली की थंड होते व तीतील बाष्प धूलिकणांभोवती साकळून थेंब बनतात. धूळ पूर्णपणे काढून टाकली, तरी पुरेसे प्रसरण झाल्यास थेंब तयार होतात व हे थेंब विद्युत्‌ भारित कणांभोवती, म्हणजे आयनांभोवती, बनतात, असे त्यांना आढळले. या तत्त्वावर त्यांनी १९११ मध्ये बाष्पकोठी सिद्ध केली. तीतून जाणारा भारित कण आपल्या मार्गावर आयन निर्माण करीत जातो व त्यांभोवती साकळलेल्या थेंबांची रेषा छायाचित्रात टिपता येते. डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या कणाचा मार्ग अशा रीतीने प्रथमच दृश्य झाला. १९२७ च्या नोबेल पारितोषिकात आर्थर कॉम्पटन यांच्यासह ते सहभागी होते. १९३२ मध्ये पॉझिट्रॉनचा शोध याच साधनाने लागला. पर्वतावरील ढगांच्या कुतूहलातून अणुभौतिकीतील एक मूलभूत उपकरण जन्मास यावे, हे विज्ञानाच्या इतिहासातील एक बोलके उदाहरण होय.

विसाव्या शतकातील अन्य व्यक्तींत स्कॉटिश नॅशनल पार्टीचे १९७९ ते १९९० या काळातील नेते गॉर्डन विल्सन (१९३८–२०१७) व डार्ट या खेळाचे १९८२ व १९८९ मधील विश्वविजेते जॉकी विल्सन (१९५०–२०१२) यांचा उल्लेख करता येईल.

गणनेच्या मर्यादा : विल्सन हे आडनाव इंग्लंडच्या उत्तर भागातही स्वतंत्रपणे रूढ झाल्यामुळे प्रत्येक विल्सन स्कॉटिश मानणे चुकीचे ठरते. संस्कृत-इंग्रजी कोशाचे कर्ते होरेस हेमन विल्सन (१७८६–१८६०), कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन (१७७८–१८५८) व ब्रिटनचे पंतप्रधान हॅरल्ड विल्सन (१९१६–९५) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले होत. बिशप विल्सन व पुरातत्त्वज्ञ डॅनिएल विल्सन यांची गल्लत विशेष संभवते. काहींच्या बाबतीत मात्र निर्णय सोपा नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन (१८५६–१९२४) यांचे आजोबा उत्तर आयर्लंडमधील अल्स्टर प्रांतातून अमेरिकेत गेले. सतराव्या शतकात या प्रांतात स्कॉटिश लोकांची मोठी वसाहत झाली होती. त्यांची आई इंग्लंडमध्ये, पण स्कॉटिश आई-वडिलांच्या पोटी जन्मली होती. तंत्रिकातंत्रज्ञ सॅम्युएल अलेक्झांडर किनिअर विल्सन (१८७८–१९३७) यांचा जन्म अमेरिकेतील, वडील आयरिश, परंतु बालपण व वैद्यकीय शिक्षण एडिंबरो येथील. त्यांनी १९१२ मध्ये वर्णिलेल्या रोगास ‘विल्सन रोग’ म्हणतात. या आनुवंशिक विकारात तांब्याचा निचरा नीट न झाल्याने ते यकृत व मेंदू यांत साठते. वेळीच निदान झाल्यास त्यावर उपचार होऊ शकतात.

विल्सन परिणाम, विल्सन बाष्पकोठी, विल्सन रोग, विल्सन महाविद्यालय व विल्सन यांच्या नावाचे पक्षी ही पाच नावे पाच निरनिराळ्या व्यक्तींची असून त्यांपैकी कोणतेही दोघे एका घराण्यातील म्हणून ज्ञात नाहीत. आडनाव हे वंशाचा पुरावा म्हणून दुर्बल ठरते. परंतु एखाद्या समाजाने आपल्या सामान्य घरांतील मुलांना कोणती संधी दिली, ती घेऊन ती माणसे कोठवर गेली व तेथील लोकांवर त्यांचे कोणते भलेबुरे परिणाम झाले, हे शोधण्यासाठी ते एक उपयुक्त साधन ठरते. पेझ्लीचा विणकर, हॉइकचा टोप्यांचा व्यापारी, लॉडरचा मिशनरी व ग्लेनकोर्सचा शेतकरीपुत्र यांच्यात कोणा एका विल्यमचे रक्त शोधण्यापेक्षा त्यांना घडविणाऱ्या शाळा, विद्यापीठे व स्थलांतराच्या वाटा यांचा अभ्यास अधिक फलदायी होय.